चालताना छाती भरून येते तेव्हा

ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी बोचरी असते, तरीही लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांतली वडीलधारी मंडळी सकाळचा फेरफटका चुकवत नाहीत. "चालताना छाती भरून आली, घरी येऊन बसलो तर बरं वाटलं, गॅस असेल" हे वाक्य याच दिवसांत हमखास ऐकू येते. बसल्यावर बरे वाटले म्हणून सगळे निश्चिंत होतात. वास्तविक अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने होणाऱ्या छातीच्या दुखण्याची, मुख्य खूण तीच आहे.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या, तरी विश्रांतीत तेवढे रक्त पुरते; मात्र चढ चढताना, गारठ्यात, संतापात किंवा भरपेट जेवणानंतर चालताना ते अपुरे पडते. दुखणे बहुधा टोचणारे नसते. छातीच्या मधोमध दाब येतो, आवळल्यासारखे वाटते, आणि ते खांदा, डावा हात, मान किंवा जबड्यापर्यंत पसरते. स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांच्यात कधी कधी नुसता दम लागतो, घाम येतो किंवा मळमळते, म्हणून घरोघरी ओवा-हिंगावर वेळ काढली जाते.

असे होताच चालणे थांबवावे, रुग्णाला पाठीला आधार देऊन बसवावे आणि कपडे सैल करावेत. डॉक्टरांनी त्याच्यासाठीच लिहून दिलेली गोळी असेल तर ती बसूनच जिभेखाली ठेवावी, कारण तिने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट, म्हणजे अशीच जिभेखालची गोळी, मागून आणण्याची आपल्याकडची पद्धत मला धोक्याची वाटते. सिल्डेनाफिलसारखे लैंगिक दुर्बलतेवरचे औषध घेतलेल्या माणसाचा रक्तदाब तिने फारच कोसळू शकतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही, किंवा असे दुखणे पहिल्यांदाच उद्भवले असेल, तर हृदयविकाराचा झटका समजून 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर सुमारे 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये.

दुखणे पूर्वीपेक्षा कमी श्रमात किंवा बसल्या जागी होऊ लागले, तर ते थांबल्यावरही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. साधा चढ चढताना होणारे दुखणेही डॉक्टरांना दाखवावेच, आणि पडल्यापडल्या काढलेला ईसीजी निर्दोष आला तरी पुढील तपासण्यांबद्दल त्यांना विचारावे, कारण श्रम नसताना अंजायनाचा ईसीजी पूर्णपणे सामान्य असू शकतो.