भावाच्या बिलवहीतून उभा राहिलेला दावा

भावाच्या बाराव्याचे जेवण आटोपून पाहुणे उठत होते, तेवढ्यात टिप्परचा मालक दारात आला. हातात एक लाख रुपयांचे पाकीट आणि आधीच टाइप करून आणलेला स्टॅम्पपेपर. "झाले ते वाईटच झाले बाय, पण कोर्टात वर्षानुवर्षे जातात. आता हे घ्या आणि सही करा," असे तो माझ्या भावजयीला म्हणाला. तिला तेव्हा कागद वाचण्याचेही भान नव्हते. मी तो वाचला. आमची आता कसलीही मागणी उरलेली नाही, असे त्यात लिहिले होते. मी पाकीट परत केले. त्या दिवशी मला कायद्यातले काहीच कळत नव्हते. एवढेच कळत होते की जो माणूस इतक्या घाईने सही मागतो, त्याला कशाची तरी भीती आहे.

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिशियन होता, वय 34. सप्टेंबर 2022 मध्ये, चवथ (गणेशचतुर्थी) सरून थोडेच दिवस झाले होते, तो गोव्यातल्या होंडा येथून काम संपवून वाळपईकडे स्कूटरने येत होता. समोरच्या वाहनाला ओव्हरटेक करायला गेलेल्या टिप्परने त्याला उडवले. 108 रुग्णवाहिकेने गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेले, तिथे दुसऱ्या पहाटे तो गेला. मागे आई, भावजय आणि सहा वर्षांची भाची.

त्यानंतर तीन वर्षे ही लढाई चालली. आज कोणाच्या घरी असा प्रसंग आला असेल तर त्यांना आमच्यासारखे चाचपडत जावे लागू नये, म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी मुदत. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मोटार अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. आम्हाला हे चौथ्या महिन्यात कळले, तेही शेजारच्या एका निवृत्त तलाठ्यांकडून. तोवर आम्ही समजत होतो की पोलिसांत गुन्हा नोंद झाला म्हणजे भरपाईही त्यातूनच मिळेल. तसे नसते. ड्रायव्हरवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला ही एक वाट, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम 304-अ. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागते. भरपाईचा दावा ही दुसरी वाट, आणि ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात चूक कोणाची असण्याची शक्यता जास्त, एवढे दाखवले तरी पुरते. आमचा फौजदारी खटला अजून चालूच आहे, दावा मात्र निकाली निघाला.

तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, हेही आम्हाला वकीलबाईंनी सांगितले. पोलीस ठाण्यात कोणी ब्र काढला नव्हता. शेवटी आम्हीच लेखी अर्ज देऊन एफआयआर, पंचनामा, रेखाटन आणि शवचिकित्सा अहवालाच्या प्रती मिळवल्या. पंचनाम्यात एक ओळ होती: स्कूटरपासून काही अंतरावर हेल्मेट पडलेले, पट्टा तुटलेला. पुढे टिप्परच्या विमा कंपनीच्या वकिलाने भावाने हेल्मेट घातलेच नव्हते असा मुद्दा काढला, तेव्हा हीच ओळ कामी आली. म्हणून सांगते, पंचनामा हातात आला की सावकाश दोनदा वाचा. काही चुकले असेल तर तेव्हाच लेखी कळवा.

वकिलाच्या फीची आम्हाला मोठी धास्ती होती. पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. भावजयीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला आणि आमच्या वाट्याला एक शांत, नीट ऐकून घेणाऱ्या वकीलबाई आल्या. अपघात जिथे झाला तिथेच दावा करावा लागतो असे नाही, वारस राहतात तिथेही चालतो. आमचा दावा पणजीला लागला. वाळपईहून पहाटेच्या कदंबा बसने किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब आईने ठेवला होता, मी नाही ठेवला.

दोन वाटा वकीलबाईंनी समोर ठेवल्या. चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख, हे कलम 164. किंवा चूक दाखवून कमाईच्या हिशेबाने भरपाई, हे कलम 166. भावाचे वय पाहता दुसरी धरायची असे ठरले. आणि तिथेच खरी अडचण आली. भावाची कमाई होती कुठे? पगाराची पावती नाही, आयकर विवरण नाही. काम करायचे, पैसे खिशात घालायचे.

घरात शोधताना भावजयीला टूलबॅगच्या तळाशी बिलवही सापडली. कार्बन घातलेली, कोपरे तेलकट झालेली, निळ्या शाईतली. अशा चार वह्या निघाल्या. तारीख, गिऱ्हाईक, काम, रक्कम. "फॅनचा कंडेन्सर बदलला, 250." "मोटर वायरिंग, 1,800." शेवटची पाने चवथीत गणपतीवर बांधतात त्या माटोळीच्या रोषणाईची. मी ती पाने उघडून बसले की मला त्याचा आवाज ऐकू यायचा, आणि तरीही बसावेच लागे, कारण प्रत्येक बिलाची बेरीज करायची होती. सोबत त्याच्या गुगल पेचे उतारे, बँक पासबुक, वायरच्या दुकानातले उधारीचे पान. महिन्याला सरासरी अठरा हजारांच्या वर निघाली.

विमा कंपनीचे म्हणणे असे की हे कागद कोणीही लिहू शकतो, म्हणून महिना 10,000 धरा. मग तीन गिऱ्हाइके साक्षीला आली. आमच्या वाड्यावरच्या देवस्थानाचे चिटणीस उलटतपासणीत उभे होते. वकिलाने विचारले, "ही सही तुमचीच कशावरून?" त्यांनी खिशातून देवस्थानची खर्चाची वही काढली आणि त्याच तारखेला, त्याच रकमेची नोंद दाखवली. कोर्टात क्षणभर कोणी बोलले नाही.

हिशेब कसा होतो ते सांगते, कारण तडजोडीला बसताना तो स्वतःला करता आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांवर सगळे उभे आहे. महिना 18,000. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के, झाले 25,200. अवलंबून तिघी, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, उरले 16,800. वर्षाचे 2,01,600. वय 31 ते 35 ला गुणक 16, म्हणजे वर्षाची रक्कम 16 ने गुणायची. एकूण 32,25,600. त्यावर सहवासाच्या हानीचे प्रत्येकीला 48,400, आणि मालमत्तेची हानी व अंत्यविधी यांचे प्रत्येकी 18,150. सगळे मिळून 34,07,100, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. महिना 10,000 धरला असता तर पहिली रक्कम 17,92,000 च झाली असती. फरक 14,33,600. तो फरक त्या चार वह्यांचा.

मधे लोक अदालतीत 16 लाखांचा प्रस्ताव आला होता. आई म्हणाली, "घेऊन टाक, मला आता पणजी नको." तिचे चुकले असे मी कधीच म्हणणार नाही, सगळ्यांत जास्त दमली होती ती. पण लोक अदालतीतली तडजोड अंतिम असते, त्यावर अपील नाही. हिशेबाचा कागद तिच्यापुढे मांडला, रात्रभर विचार केला, आणि सकाळी तिनेच नको म्हटले. प्रत्येकाने नकोच म्हणावे असे माझे मत नाही. ज्यांच्याकडे पुरावा तोकडा आहे, घरात चूल पेटवायची पंचाईत आहे, त्यांना तडजोड बरी पडू शकते. फक्त आधी हिशेब करा.

या वर्षांत ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारले, म्हणून थोडक्यात. धडक देऊन वाहन पळाले आणि सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख मिळतात. कारखान्यात किंवा साइटवर कामावर असताना मृत्यू झाला तर नोव्हेंबर 2025 पर्यंत 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली आयुक्तांकडे जावे लागे; आता त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामावर असताना वाहनाचा अपघात झाला तर दोन्हींपैकी एकच वाट निवडता येते. इस्पितळाच्या हलगर्जीपणाची शंका असेल तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षे. उघडी वीजवाहिनी किंवा पडलेली भिंत अशा गोष्टींनी जीव गेला तर 1855 च्या जीवघेण्या अपघात कायद्याखाली दिवाणी दावा, त्यालाही दोन वर्षेच.

निकाल 2025 मध्ये लागला. कंपनीला उच्च न्यायालयात जायला 90 दिवस होते. ते गेले नाहीत. भाचीचा वाटा ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत आहे, आणि भावजयीला त्याचे व्याज तिच्या शाळेसाठी काढता येते.

बिलवह्या अजून कोर्टातच आहेत, निशाणी क्रमांक लावलेल्या. अपिलाची मुदत संपल्यावर त्या परत मागता येतात. तसा अर्ज भावजयीने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, सोमवारी आम्ही दोघी द्यायला जाणार आहोत.