हडस्वेल: उभ्या बाटलीचे गाव

उत्तर यॉर्कशायरमधील रिचमंडला आता रेल्वे जात नाही. लंडनहून डार्लिंग्टनपर्यंत जलद गाडीने यायचे आणि तिथून बस धरायची, एवढाच मार्ग उरला आहे. १९६९ मध्ये प्रवाशांसाठी बंद झालेले रिचमंडचे जुने स्थानक मात्र पडीक राहिले नाही. एका स्थानिक विश्वस्त संस्थेने ते दुरुस्त करून २००७ मध्ये पुन्हा खुले केले आणि आज तिथे चित्रपटगृह व उपाहारगृह चालते. बंद पडलेली वास्तू तशीच पडू द्यायची नाही, असा या भागाचा काहीसा हट्टी स्वभाव असावा असे मला वाटते, कारण जवळच्या हडस्वेल गावातल्या ज्या पबसाठी मी आलो होतो त्याचीही कथा त्याच जातीची आहे. डार्लिंग्टनला डॉक्टर असलेला माझा मावसभाऊ सोबत होता. पब पाहण्यासाठी इतक्या लांब येणाऱ्या पाहुण्याविषयी त्याने घरी काय सांगितले असेल, याची मी चौकशी केली नाही.

रिचमंडहून हडस्वेल दोन-अडीच मैलांवर आहे. अकराव्या शतकात बांधायला घेतलेला नॉर्मन किल्ला पाठीशी ठेवून आपण स्वेल नदीवरचा ग्रीन ब्रिज हा दगडी पूल ओलांडतो आणि नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यातील हडस्वेल वुड्स या रानात शिरतो. नदी चहासारख्या रंगाची आहे, कारण वरच्या माळांवरील पीट नावाची काळी माती तिच्यात उतरते. पायवाट बराच वेळ पाण्याच्या कडेने जाते आणि मग अचानक चढाच्या पायऱ्या सुरू होतात. त्या इतक्या आहेत की निम्म्यावर आम्ही दोघांनीही फोटो काढण्याचे निमित्त करून थांबणे पसंत केले. वर आल्यावर शेते, दगडी घरांची एक रांग आणि त्या रांगेत ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ अशी पाटी दिसते. बाहेरून पाहिले तर यात अचंबा वाटावा असे काहीही नाही.

हा पब २००८ मध्ये बंद पडला. त्या वर्षात तसे होणे नवलाचे नव्हते. २००७ च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली होती, सुपरमार्केटमधील बिअर पबमधल्या बिअरपेक्षा कितीतरी स्वस्त झाली होती, आणि त्यात मंदी आली. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते, ते आता ४५,००० च्या आसपास उरले आहेत. यामागे आणखी एक कारण आहे, जे आपल्याकडच्या लोकांना चटकन कळेल: गावातली ती जुनी दगडी इमारत पब म्हणून चालवण्यापेक्षा घर म्हणून विकण्यात मालकाला जास्त पैसे सुटतात. त्यामुळे एकदा कुलूप लागले की ते उघडण्याची घाई फक्त गावाला असते, मालकाला नाही.

हडस्वेलमध्ये तेव्हा दुकान नव्हते आणि पब गेल्यावर लोकांनी एकत्र बसावे अशी रोजची जागाही राहिली नाही. गावकऱ्यांनी सभा घेतल्या, संस्था नोंदवली, तिचे भाग, म्हणजे शेअर, विक्रीला काढले आणि इमारत विकत घेतली. साफसफाई आणि रंगरंगोटीला गावातलेच हात लागले. जून २०१० मध्ये पब पुन्हा उघडला तेव्हा उद्घाटनाला इथले खासदार आणि नुकतेच परराष्ट्रमंत्री झालेले विल्यम हेग आले होते. तरुणपणी आपण दिवसाला १४ पाइंट, म्हणजे जवळजवळ आठ लिटर, बिअर पीत असू, असे एका मुलाखतीत सांगून पुढे अनेक वर्षे थट्टेचा विषय झालेले हे गृहस्थ या कामाला अगदी योग्य होते, असे म्हणावे लागेल. २०१५ पासून इथले खासदार ऋषी सुनक आहेत, आणि ते मद्याला स्पर्शही करत नाहीत. पब दोघांच्याही कारकिर्दीत व्यवस्थित चालला आहे.

असे करणारे हडस्वेल पहिले नव्हे. पलीकडच्या कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या गावाने २००३ मध्येच आपला ‘ओल्ड क्राउन’ पब सहकारी तत्त्वावर घेतला होता आणि त्याच्या भागधारकांत एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरील १९७५ च्या मोहिमेचे नेते ख्रिस बॉनिंग्टन हेही आहेत. तिथला पब मात्र चालू असताना विकत घेतला गेला. कुलूप लागलेला पब उघडणे हे त्याहून कष्टाचे काम आहे, कारण तोवर गिऱ्हाइकांच्या सवयी मोडलेल्या असतात.

आत शिरल्यावर बुटके छत, लाकडी काउंटर आणि त्यावर हातपंपांचे उभे दांडे दिसले. इथली बिअर पिंपात शेवटपर्यंत जिवंत असते, म्हणजे तिच्यातले यीस्ट काम करतच राहते, आणि ती वायूच्या दाबाने नव्हे तर दांडा ओढून वर खेचावी लागते. काउंटरमागच्या बाईंनी ग्लास किंचित तिरपा धरून दांडा एका लयीत तीनदा ओढला, फेस खाली बसेपर्यंत वाट पाहिली आणि मग उरलेला बोटभर भाग भरला. तळघराचे तापमान १२ अंशांच्या आसपास राखावे लागते आणि एकदा तोटी बसवलेले पिंप साधारण तीन दिवसांत संपले पाहिजे, नाहीतर बिअर उतरते. म्हणजे ही बिअर विकायची तर मंगळवारच्या पावसातही माणसे आली पाहिजेत. लहान गावातल्या पबचे सगळे अर्थशास्त्र या तीन दिवसांत बसते, हे मला त्या काउंटरशी उभे राहून कळले. मावसभावाला गाडी चालवायची नव्हती, तरी त्याने आल्याचा सोडाच घेतला.

पबच्या एका भागात छोटेसे दुकान आहे आणि ते गावातले स्वयंसेवक चालवतात. दूध, पाव, अंडी, डबाबंद घेवडा, मेणबत्त्या, टपालाची तिकिटे अशा अडीअडचणीच्या वस्तूंसाठी रिचमंडपर्यंत जावे लागू नये, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. पुस्तकांची कपाटे आहेत, ते गावाचे वाचनालय. मागे भाजीपाल्याचे वाफे आहेत, ते गावकऱ्यांनी वाटून घेतले आहेत, आणि त्यापलीकडच्या गच्चीवरून स्वेलचे खोरे रिचमंडच्या दिशेने उतरत जाताना दिसते. एका टेबलाशी एक वृद्ध जोडपे वाचनालयातील कादंबरी मध्ये ठेवून जेवत होते. त्यांनी आम्हाला कुठून आलात असे विचारले आणि पुण्याचे नाव ऐकल्यावर तिथे सध्या पाऊस असेल का, याची बारकाईने चौकशी केली.

२०१६ साठी ‘कॅमरा’ने, म्हणजे पिंपातल्या जिवंत बिअरसाठी १९७१ पासून झगडणाऱ्या ग्राहक संघटनेने, याच पबला साऱ्या ब्रिटनमधील सर्वोत्तम पब ठरवले. पुरस्कार मोठा आहे, पण मला त्याहून संस्थेच्या घडणीत जास्त रस होता. इमारत संस्थेच्या मालकीची आहे आणि पब ती भाडेकरूला चालवायला देते. स्वयंपाकघर, पिंपे, नोकरमाणसे आणि रोजची जोखीम चालवणाऱ्याची, तर भिंती, छप्पर आणि भाडेकरू निवडण्याचा हक्क गावाचा. अशा लोकहितकारी संस्थांत भाग कितीही असोत, मत एकच असते. भाग बाजारात विकता येत नाहीत, फार तर संस्थेकडून पैसे परत मागता येतात, आणि व्याज मिळाले तरी ते मर्यादित असते. इमारतीची किंमत वाढली म्हणून कोणाच्या खिशात काही पडत नाही. अहवाल, ताळेबंद, सर्वसाधारण सभा, संचालकांची निवडणूक हा सगळा संसार मात्र आपल्या ओळखीचा. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “गुत्त्याची सोसायटी?”

तिच्या प्रश्नात तथ्य होते. आमच्या जिल्ह्यात मी बायकांना दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान करताना पाहिले आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली छापलेली असते. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. जी मतदानालाच आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारखी होते, म्हणून ही लढाई फार अवघड असते. त्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना कोणी सांगितले असते की कुठल्याशा देशात गाव वर्गणी काढून बाटली उभी करते, तर त्यांनी सांगणाऱ्याला वेड्यात काढले असते, आणि त्यांचे चुकले नसते. आपल्याकडच्या देशी दारूच्या दुकानात पुरुष उभ्याने पितो आणि घरचे पैसे संपवून बाहेर पडतो, तिथे बायकोने, पोराने, शेजारणीने बसावे अशी सोयच नसते. हडस्वेलच्या पबमध्ये दुपारी दोन वाजता निम्मी टेबले बायकांची होती आणि एका टेबलाखाली कुत्रा झोपला होता. तरीही यॉर्कशायरमध्ये दारूने कोणाचे घर मोडत नाही, असे म्हणण्याइतका भाबडेपणा मी करणार नाही.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. निवृत्त हिशेबनीस, अभियंते, शिक्षक ज्या गावात स्थायिक होतात, त्या गावाला सनद लिहिणारा, बँकेशी बोलणारा आणि संध्याकाळचे चार तास फुकट देणारा माणूस मिळतो, आणि भाग घेण्याइतकी शिल्लकही लोकांजवळ असते. कोळशाच्या खाणी गेलेल्या डरहॅम परगण्यातील गावांत पबला कुलूप लागते तेव्हा हे हात आणि ही शिल्लक शोधावी लागते. २०११ च्या लोकलिझम कायद्याने गावांना पब ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवण्याचा अधिकार दिला. ती विक्रीला निघाली तर गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळतात, मात्र मालकाने गावालाच विकावी असे बंधन त्याच्यावर नाही. नोंदलेला पहिला पब लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाऊस’, तो २०१३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी पुन्हा उघडला. हडस्वेलला २०१० मध्ये या कायद्याचा आधार नव्हता. ओळखी, चिकाटी आणि मालकमंडळींची निकड यांवरच त्यांचे भागले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी रिचमंडला मुक्काम करावा, कारण तिथला दगडी फरसबंदीचा बाजारचौक आणि १७८८ चे जॉर्जियन नाट्यगृह यांनाच एक दिवस सहज लागतो. स्वयंपाकघराच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, शाकाहारी असाल तर हेही आधीच सांगावे. जाताना नदीकाठच्या रानातून जावे. परतताना आम्ही डांबरी रस्ता धरला, कारण पाऊस सुरू झाला होता आणि त्या पायऱ्या ओल्या असताना उतरायला मावसभावाने डॉक्टर या नात्याने साफ नकार दिला.