मामाचं कपाट, मृगाच्या आधी

दापोलीत माझं शिवणकामाचं लहान दुकान आहे. नवीन कपडे शिवते, पण निम्म्याहून जास्त काम अल्टरेशनचं. बायका येतात त्या काय हवं ते ठरवून येतात. पुरुष मात्र टेबलावर पिशवी ठेवतात आणि म्हणतात, "एवढं जरा सैल करून द्या." ती एक पँट सैल केली तरी त्यांचा प्रश्न सुटत नाही, हे मला बरीच वर्षं दिसत होतं. कपाट भरलेलं, अंगावर मात्र आलटून पालटून तेच तीन शर्ट. उरलेले एकतर बसत नाहीत, नाहीतर 'चांगले' म्हणून ठेवलेले. मामाचं कपाट मी हट्टाने आवरायला घेतलं, त्यानंतर ओळखीतल्या आणखी काही जणांची आवरली. समुद्राजवळच्या हवेत हे काम कसं करावं लागतं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

मामा बँकेतून कॅशिअर म्हणून निवृत्त झाला. मामी होती तोवर त्याचे कपडे तीच आणायची. ती गेल्यावर कपाटाच्या वरच्या कप्प्यांना त्याने हातच लावला नव्हता. मी मेचा शेवटचा आठवडा निवडला. ७ जूनला मृग लागला की पुढचे चार महिने काही वाळत नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कपाट उघडून सगळं उन्हात टाकायचं तर मृगाच्या आधी, नाहीतर मग एकदम ऑक्टोबरच्या उन्हात.

सगळे कपडे काढून खळ्यात, म्हणजे अंगणात, दोऱ्यांवर आणि खाटेवर पसरले. खालच्या कप्प्यातल्या, रोजच्या वापरातल्या कपड्यांना काही झालेलं नव्हतं. विरले होते, रंग उतरला होता, पण स्वच्छ होते. वरच्या कप्प्यातल्या ठेवणीतल्या कपड्यांची दशा बघवेना. काळ्या पँटवर बुरशीचे पांढरे ठिपके, क्रीम शर्टाच्या घड्या पिवळ्या पडलेल्या, पँटच्या हुकांना गंज चढून कमरेच्या पट्टीवर तांबडे डाग, चामड्याचा पट्टा हिरवट. एका रेशमी मिश्रणाच्या कुर्त्याला कसर लागलेली. मामा तो कुर्ता हातात घेऊन नुसता बघत राहिला. "हा मी एकदाच घातलाय गो," म्हणाला.

यामागचं कारण मी त्याला समजावून सांगितलं, कारण त्याशिवाय त्याने पुढचं ऐकलं नसतं. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात असते. त्यात बुरशीला आणि कसरीला खायला स्टार्च लागतो. आपण ठेवणीतला शर्ट मुद्दाम खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवतो, म्हणजे तिच्या जेवणाची सोयच करून ठेवतो. तासभर घातलेला शर्ट 'मळला कुठे' म्हणून तसाच परत टांगला तर घामातलं मीठ ओल ओढतं. रोजचा शर्ट दर दोन दिवसांनी पाण्यातून, उन्हातून, वाऱ्यातून जातो, म्हणून वाचतो. घाटावर जपून ठेवलेला कपडा टिकत असेल. इथे वापरलेला टिकतो.

हे पटल्यावर काम पुढे सरकलं, तरी सोपं झालं नाही. प्रत्येक कपड्यावर "अगो, फाटलाय का तो?" असा प्रश्न यायचा. मग कपड्याबद्दल बोलणं मी सोडून दिलं आणि आठवडा विचारायला लागले. सोमवारी कुठे जातोस? सकाळी बाजार आणि वाचनालय. मग? संध्याकाळी कट्टा. महिन्यातून एकदा पेन्शनसाठी बँकेत. आंजर्ल्याला भाच्याच्या आंब्याच्या बागेत अधूनमधून. मे महिन्यात लग्नं, भाद्रपदात गणपती. हे सगळं कागदावर लिहिलं आणि कपाटाशी ताडून पाहिलं. कपाटात होते रोज दहा ते सहा काउंटरवर बसणाऱ्या माणसाचे कपडे. गडद टेरीकॉट (पॉलिएस्टर-सूत मिश्रणाच्या) पँटी, पट्ट्यापट्ट्यांचे फुल शर्ट. बाजारात, कट्ट्यावर जाताना सहज घालावं असं जवळपास काहीच नव्हतं, म्हणून तो बनियनवर जुना विरलेला शर्ट अडकवून जायचा. मामा कागदाकडे बघून म्हणाला, "म्हणजे मी अजून बँकेतच आहे." त्यानंतर त्याने एकेक कपडा स्वतःच उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली.

घालून बघण्याचा भाग मात्र घाईने उरकू नये. माझ्याकडे येणारे बहुतेक जण आरशासमोर ताठ उभे राहतात, पोट आत घेतात आणि 'बसतो' म्हणतात. मी मामाला खुर्चीवर बसवलं, वाकून चप्पल घालायला लावली, दोन्ही हात माळ्यावरचा डबा काढतो तसे वर करायला लावले. बसल्यावर शर्टाची बटणं ताणली तर तो शर्ट गेला. कॉलरचं वरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. शोल्डरची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाला यायला हवी, दंडावर उतरलेली नको. शोल्डर पडलेला शर्ट अल्टर करायच्या फंदात पडू नये, त्यात अख्खी बाही उसवावी लागते आणि शर्टाची किंमत राहत नाही. बाजू आत घेणं, लांबी कमी करणं, फुल बाहीची हाफ करणं ही सोपी कामं. कफ झिजलेले फुल शर्ट मी असेच हाफ करून दिले. एका चांगल्या सुती शर्टाची कॉलर घडीवर विरली होती, ती उसवून उलटी करून बसवली. पूर्वीचे सगळे शिंपी हे करायचे, आता कुणी सांगत नाही म्हणून होत नाही.

पँटचं गणित आतल्या मायेवर, म्हणजे शिवणीत जादा सोडलेल्या कापडावर. मागच्या मधल्या शिवणीत माया किती सोडलीय ते उलटून बघायचं. शिंप्याने शिवलेल्या जुन्या पँटींत बहुधा दीड-दोन इंच मिळतात, रेडिमेडमध्ये त्याहून कमी. मामाच्या दोन पँटी तेवढ्यात सुटल्या. बाकीच्या नाहीत.

मापाबद्दल एक गोष्ट बहुतेक पुरुषांना ठाऊक नसते. फॉर्मल रेडिमेड शर्टावर ४० लिहिलेलं असतं ते बहुतेक ब्रँडमध्ये गळ्याचं माप असतं, ४० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे पावणेसोळा इंच. ती छाती समजून लोक दुकानात भलताच आकडा सांगतात आणि पोटावर बसणारा पण गळ्यात लोंबणारा शर्ट घेऊन येतात. मी मामाची मापं एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाकिटात ठेवली: गळा, छाती, शोल्डर, बाही, पोट, कंबर, सीट, उंची. पोट आणि कंबर वेगळी लिहिली, कारण साठीनंतर पँट कुठे बांधता त्यावर सगळं ठरतं.

मामीने घेतलेला एक निळा शर्ट होता. छातीत बराच आवळत होता आणि माया नव्हती. तो कुठल्या ढिगात टाकायचा हे मी विचारलं नाही. त्याची घडी करून आतल्या कप्प्यात ठेवली आणि मामाला सांगितलं की दर महिन्याला हा पण उन्हात टाकायचा. काही कपडे घालण्यासाठी नसतात आणि त्यांना कपाटात जागा असायला हवी, हे मला मनापासून वाटतं. फक्त ते बाकीच्यांत मिसळून ठेवू नयेत.

मग निघालं आहेराचं खोकं.

हे तर घराघरात आहे. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत पुरुषाला शर्टपीस-पँटपीस द्यायचा, त्याने तो कपाळाला लावून घरी आणायचा आणि खोक्यात टाकायचा. मामाच्या खोक्यात इतके पीस होते की नवीन काही विकत घ्यायची गरजच उरली नाही. पण सगळे कामाचे नव्हते. आधी प्रत्येक पीस पूर्ण उलगडून उजेडासमोर धरला. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड घडीवर विरतं, तिथे बोटांनी हलकं ताणलं की कळतं. मग कडेचा एक धागा ओढून जाळून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. मग पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आणि लांबी मोजली. फुल शर्टाला ३६ इंची पन्ह्यात सव्वादोन मीटर लागतं, ५८ इंचीत एक मीटर साठ सेंटीमीटरच्या आसपास. पँटला ५८ इंचीत सव्वा मीटर. पोट असेल तर थोडं वाढवून धरायचं. सुती पीस निवडले ते रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवले, कारण न भिजवता कापलेला सुती शर्ट पहिल्या धुण्यात आटतो आणि दोष शिंप्यावर येतो.

कोणतं कापड कधी, यावर माझं मत ठाम आहे. प्रयोगशाळेत ६५ टक्के आर्द्रतेत मोजलं तर सूत आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरतं, लिनन १२ टक्के, पॉलिएस्टर ०.४ टक्के. उन्हाळ्यात घाम टिपायला सूत आणि लिननच हवं, त्याला पर्याय नाही. पण हाच गुण जुलैत उलटतो. सुती जाड पँट किंवा जीन्स पावसाळ्यात तीन-तीन दिवस पडवीत ओली लोंबते आणि कुबट होते. म्हणून मामाच्या टेरीकॉट पँटी मी सरसकट टाकू दिल्या नाहीत. बसणाऱ्या दोन पावसाळ्यासाठी ठेवल्या, उंची अर्धा इंच कमी करून, म्हणजे मोरी (पँटची पायाकडची कड) चिखलात घासणार नाही. रंगही इथल्या मातीचा विचार करून निवडावेत. जांभ्याची तांबडी माती फिकट पँटच्या मोरीवर एकदा बसली की डाग पूर्ण निघत नाही, त्यामुळे तपकिरी, राखाडी, शेवाळी. बागेत फवारणीला जुने फुल बाहीचे सुती शर्ट वेगळ्या पिशवीत. काजूच्या बोंडाचा डाग पडलेला कपडाही तिथेच, तो धुऊन जायची वाट बघू नये.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हा हर्णैहून एक नाखवे, म्हणजे बोटीचे मालक, आले. बोट शाकारून ठेवलेली, हातात वेळ, दिवाळीनंतर मुलीचा साखरपुडा. "ताई, कपडे चिक्कार आहेत, पण माणसांत बसलो की वास येतो," असं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचं मला फार बरं वाटलं, कारण ही गोष्ट कुणी बोलत नाही. घरी जाऊन पाहिलं तर बोटीवरचे आणि चांगले कपडे एकाच खुंटीवर. मासळीचा वास अल्कधर्मी असतो, नुसत्या साबणाने तो हटत नाही, त्याला काहीतरी आंबट वापरावं लागतं. बादलीभर पाण्यात वाटीभर व्हिनेगर किंवा चार लिंबं पिळून कपडे अर्धा तास ठेवायचे, मग नेहमीसारखे धुवायचे. बोटीच्या कपड्यांची खुंटी घराबाहेर, मागल्या दारी. एवढ्याने निम्मं काम झालं. त्यांच्या अंगाची ठेवण मामापेक्षा अगदी उलटी: जाळी ओढून खांदे रुंद, कंबर बारीक. खांद्याला बसणारा शर्ट खाली झोळणार हे ठरलेलं, म्हणून शोल्डर बघून घ्यायला सांगितला आणि दोन्ही बाजू मी आत घेतल्या. त्यांना ब्लेझर हवा होता. आमच्या दमट हवेत मांडवात ब्लेझर घालून माणूस घामाने निथळतो आणि नंतर तो ब्लेझर वर्षभर कपाटात बुरशी धरतो. त्याऐवजी सुती कुर्त्यावर अस्तराशिवायचं जॅकेट शिवलं. ते पुन्हा गणपतीत, पालखीत घालता येईल, आणि घालाच असं मी बजावून सांगितलं.

कपाट परत लावताना मामाकडे काही बदल केले. लोखंडी हँगर काढून प्लास्टिकचे आणले. गंजाचे डाग लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवून बरेचसे गेले. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, कारण पावसाळ्यात भिंत ओल सोडते. कप्प्यांत वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला. खळ आता फक्त घालायच्या आदल्या दिवशी. जे कपडे गेले ते वाया गेले नाहीत: सुती होते ते गोधडीसाठी शेजारच्या काकूंकडे, टेरीकॉट बोहारणीकडे, त्याबदल्यात मामाने स्वतः घासाघीस करून एक पातेलं घेतलं.

आता त्याच्याकडे पूर्वीच्या निम्मेही कपडे नाहीत आणि तो रोज वेगळा शर्ट घालतो. आहेराच्या पिसांतले तीन शिवून झालेत, बाकीचे मी दरवर्षी दोन-दोन करून संपवणार आहे. आमच्या घरात मात्र एक ठरवून टाकलंय: पुरुषाला आहेर करायचा तर पिसाबरोबर पाकिटात शिलाईचे पैसे घालायचे. गेल्या लग्नात तसं केलं, आणि त्यातले दोघे महिन्याच्या आत पीस घेऊन दुकानात माप द्यायला आले.