धरणाची ओहोटी

मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा आमच्याकडे कुणी पाठ करत नाही. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचं मात्र ओहोटीवाचून भागत नाही. कोकणात ती दिवसातून दोनदा होते. पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, वर्षाला एकच, दिवाळीच्या आसपास सुरू होऊन पार पाऊस लागेपर्यंत चालणारी. चंद्राशी तिचं काही देणंघेणं नाही. ती कालव्याच्या आवर्तनावर चालते.

२०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्यानं पाणी परभणीकडे निघालं, की इकडे फुगवट्यावर ते हळूहळू उतरायला लागतं. बुडालेल्या टेकाडांचे माथे वर येतात, त्यांची बेटं होतात, बेटांभोवती चिखलाची कड उघडते. १५२२ फुटांवर धरण काठोकाठ भरलं की पेपरात मोठा फोटो येतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. माझाही पडतो. पण दुर्बीणवाल्याच्या मनात चोर असतोच: आता चिखल कधी उघडायचा? पाणी घटल्याचा आनंद मराठवाड्यात चारचौघांत बोलून दाखवण्यासारखा नाही.

या चिखलावर भांडणं फारशी नसतात, कारण कुणी कुठं जेवायचं ते पाय नि चोच ठरवते. शेकाट्या आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर पार गुडघाभर पाण्यात. (आपल्याला दिसतो तो गुडघा खरं तर त्याचा घोटा, असो.) पाणटिवळा लांब चोच मुळापर्यंत गाळात खुपसतो. तिचं टोक इतकं हळवं, की न दिसणारा किडा स्पर्शानंच कळतो, आणि बाकी चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडताही येतं. आखूड चोचीच्या चिखल्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर. चार पावलं पळायचं, थबकायचं, टिपायचं. आणि या सगळ्यांच्या पायांत छोटा टिलवा: वजन पंचवीस-तीस ग्रॅम, घरटं पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात. एवढ्याशा जिवानं सैबेरियाहून पैठणला यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

१९८६ पासून हे अभयारण्य आहे. तरी वेळेचं गणित जुळत नाही ते नाहीच. पाहुणे पक्षी येतात तेव्हा धरण तुडुंब, आणि मे महिन्यात चिखलच चिखल होतो तेव्हा ते केव्हाच परतलेले. जमतं ते जानेवारी ते मार्चमध्ये.

नेमक्या त्याच दिवसांत त्या गाळावर माणसांचाही डोळा असतो. पाणी हटेल तशी गाळपेर सरकते, हरभरा, टरबूज. असाच एक गाळपेरवाला जवळ आला.

"काय पाहू राहिले सर?"

मी शेकाट्या दाखवला.

"हे व्हय! हे तं रोजच आमच्या मागं मागं फिरतेत."

तरी दुर्बीण मागून घेतली. शेकाट्यावर क्षणभर धरली, तिथून थेट पलीकडच्या काठाला नेली आणि ओरडला, "आयला, त्याची मोटर चालू हाय की!"