टाळ ऐकू येईनात म्हणून स्पीकर उघडले

पहिला रविवार

बाबांचे जुने स्पीकर माळ्यावरून उतरवून चार महिने झाले. टू-वे, ८ ओहमचे, खालच्या सुरांना आठ इंची वूफर आणि त्याच्या वर, वरच्या सुरांना एक इंची घुमटाचा ट्वीटर. खर्ज उत्तम. पण अभंग लावला की पखवाज घर भरून टाकतो आणि टाळ मात्र गोधडीखाली वाजल्यासारखे. तानपुऱ्याचा नुसता गुंजारव येतो, जवारी म्हणजे तारेची झणझण नाही. तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक बोल, बोथट.

स्क्रू काढायच्या आधी एक खात्री करून घ्यावी: लावलेल्या ध्वनिमुद्रणात मुळात वरचे सूर आहेत ना? मी इंदूरचा, त्यामुळे हात आपसूक इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्याकडे जातो. पण त्या काळची रेडिओची किंवा मैफलीची ध्वनिमुद्रणं या कामाला चालत नाहीत. ऐकायला ती लावावीतच, पण स्पीकरची परीक्षा त्यांच्यावर घेऊ नये. टाळ-झांज स्पष्ट असलेलं अलीकडचं ध्वनिमुद्रण घ्यावं.

ॲम्प्लिफायर मोनोवर टाकला आणि बॅलन्सचं बटण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं. डावा जास्तच मंद निघाला. मग ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या तारांची अदलाबदल केली. दोष डाव्या पेटीतच राहिला. म्हणजे प्लेअर आणि ॲम्प्लिफायर निर्दोष. ही पाच मिनिटांची तपासणी सोडून लोक थेट ट्वीटर विकत घ्यायला धावतात, ते पाहून जीव हळहळतो.

ट्वीटर गुडघ्याच्या उंचीवर होते. १० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आत असते. असा आवाज सरळ रेषेत जातो, सोफा आणि पडदे त्याला गिळून टाकतात. पेट्या स्टुलांवर ठेवून ट्वीटर कानाच्या रेषेत आणले, तशी दोन्हीकडे थोडी सुधारणा झाली. दोन्ही स्पीकर सारखेच मंद वाटत असतील तर आधी एवढंच करून बघा.

पेटीमागे ट्रेबलचं बटण असेल तर तेही सावकाश पंचवीस-तीस वेळा फिरवा. आतली तार वर्षानुवर्षं एकाच जागी राहून गंजते. माझ्या पेट्यांना तसं बटण नाही.

दुसरा आठवडा

भाची आली होती. वय २३. वरचे सूर पारखायला तरुण कान हवेत. माझे ११ किलोहर्ट्झच्या पुढे साथ देत नाहीत. फोनवरच्या ॲपमधून एकेक स्वर वाजवला. ३ किलोहर्ट्झला दोन्ही पेट्या सारख्या. ८ ला डावी स्पष्टपणे मागे. कॅलेंडरचा कागद गुंडाळून नळी केली आणि तिने ती ट्वीटरसमोर धरून ऐकलं. "मामा, वाजतोय, पण लांबून आल्यासारखा."

ट्वीटर मेलेला असता तर प्रश्न सोपा होता. जिवंत पण अशक्त, हे खरं कोडं.

जेल रोडवरच्या एका दुकानात विचारलं तर ताबडतोब "दोन्ही ट्वीटर बदला" असं उत्तर. घरी येऊन तारा सोडवून मीटर लावला: डावा ६.१ ओहम, उजवा ६.२. आठ ओहमच्या ट्वीटरला एवढाच आकडा अपेक्षित असतो. ट्वीटरच्या आतली कॉइल धडधाकट. मग संशय त्याच्या वाटेवरच्या कपॅसिटरवर, म्हणजे खर्ज अडवून फक्त वरचे सूर ट्वीटरकडे सोडणाऱ्या भागावर.

वूफर काढला, आतला कापूस बाजूला केला. लाकडी तळावर छोटी पट्टी: वूफरसाठी एक कॉइल, ट्वीटरसाठी ४.७ मायक्रोफॅरडचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेला कपॅसिटर. त्याचा एक पाय सोडवूनच मोजायचं, नाहीतर ट्वीटरसकट मोजलं जातं. डावा २.१, उजवा ३.६.

हिशेब सोपा आहे. १,५९,१५५ ला ट्वीटरचे ओहम (इथे ८) आणि कपॅसिटरचे मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा, ट्वीटर कुठून काम सुरू करतो ते हर्ट्झमध्ये मिळतं. ४.७ ला सुमारे ४,२३०. २.१ ला जवळजवळ ९,५००! म्हणजे वूफर वरच्या सुरांतून हात काढून घेतो आणि ट्वीटर अजून जागाच झालेला नसतो. मधल्या पट्ट्यातच टाळ, चाट, गायकाचा 'स' आणि 'श' हरवलेले. ट्वीटरचा अवरोध प्रत्येक सुराला नेमका ८ ओहम नसतो, तेव्हा आकडे ढोबळ धरा, पण दिशा पक्की.

त्यावर आणखी एक दुखणं. मित्राच्या ईएसआर मीटरवर डाव्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध ४ ओहमच्या घरात दिसला. ट्वीटरच्या मार्गात कुणीतरी रेझिस्टर घातल्यासारखंच ते: साडेतीन डेसिबल तिथेच गेले. आतलं द्रव वाळतं म्हणून हे होतं, आणि इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. माळ्यावर तर विचारूच नका.

या टप्प्यावर एक कळकळीची विनंती. "बघू तरी" म्हणून कपॅसिटर वगळून ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरला जोडू नका. खर्जाची सगळी ताकद त्या केसासारख्या कॉइलवर येते. मी पूर्वी असा एक चांगला ट्वीटर जाळला आहे, त्याचं दुःख अजून आहे.

तिसरा आठवडा

फिल्म कपॅसिटर, म्हणजे द्रवाऐवजी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा, हवा होता, तोही आजच. महाराणी रोडवर गेलो आणि पंख्याचे कंडेन्सर (कपॅसिटरचंच बाजारातलं नाव) मागितले. "भैया, पंखा कौन-सा है?" दुकानदाराने विचारलं. स्पीकर म्हटल्यावर त्याने कुतूहलाने मापं समोर मांडली. पंख्याचा कंडेन्सर म्हणजे ४४० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मच. वाळण्यासारखं द्रव त्यात नाही आणि दोन्ही तारा सारख्या, उलट-सुलट नाही. २.२५ आणि २.५ चे एकेक समांतर जोडले की ४.७५. प्रत्येक पेटीला एक जोडी. जुने काढलेले घेऊ नका, नवेच घ्या. आकाराने मोठे असतात, पट्टीवर मावत नाहीत. मी ते तळाला चिकटवून वर केबल टाय आवळला, म्हणजे खर्जाच्या धक्क्याने खडखड होत नाही.

उजवा तितका खराब नव्हता, तरी दोन्ही बदलले. एका बाजूचा ट्वीटर ४,२०० ला आणि दुसरीकडचा ५,५०० ला सुरू झाला तर गायक मधोमध बसत नाही.

पहिला अभंग लावला आणि टाळ आले! अगदी हाताच्या अंतरावर. आई स्वयंपाकघरातून ओढणीला हात पुसत बाहेर आली आणि पूर्ण अभंग उभ्याने ऐकला.

चौथा आठवडा

दोन-तीन दिवसांनी मात्र 'स' टोचू लागला. नव्या कपॅसिटरचा रोध जवळजवळ शून्य, आणि माझा कान इतके महिने मंद आवाजाला सरावलेला. घाईने काही न बदलता आठवडाभर तसंच ऐकलं. तरी टोचणी उरली, म्हणून प्रत्येक ट्वीटरच्या मार्गात १ ओहम, ५ वॅटचा पांढरा रेझिस्टर घातला. साधारण १ डेसिबल उतरला. आता तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते आणि 'श' कानाला लागत नाही. हे असंच ठेवणार.

एक बाकी आहे. डावी बाजू अगदी वर अजून जराशी मऊ वाटते, पण माझ्या कानांवर तिथे विसंबता येत नाही. भाची दिवाळीला येणार आहे, तेव्हा १४ किलोहर्ट्झ दोन्ही बाजूंनी तपासून घेईन. फरक निघालाच तर ट्वीटरच्या फटीतलं फेरोफ्लुइड, म्हणजे कॉइलभोवतीचं चुंबकी द्रव, घट्ट झालं असण्याची शक्यता आहे. तो घुमट उघडायला हात स्थिर आणि वेळ मोकळा लागतो, म्हणून ते काम सुट्टीतच काढीन.