उभ्या गाडीचा उन्हाळा

रविवार, ५ मे २०२४

सकाळी साडेपाचलाच बॉनेट उघडले, कारण मे महिन्यात नागपुरात अंगणात बसून गाडीचे काम करायचे असेल तर ते साडेनऊच्या आत आटोपावे लागते. त्यानंतर उन्हात राहिलेला पाना उघड्या हाताने उचलवत नाही. गुरुवारी संध्याकाळी किल्ली फिरवली तेव्हा गाडीने एकदाच ‘टक्’ असा आवाज केला आणि ती गप्प झाली. बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट भरली, म्हणजे दोष बॅटरीचा नव्हता, इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा, म्हणजे सेल्फचा होता. बहुतेक गाड्यांत सेल्फ खालून दोन बोल्ट सोडून अर्ध्या तासात हाती येतो. या गाडीत तो व्ही आकाराच्या इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या घळीत, इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याखाली, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या खाली झोपलेला आहे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे म्हणजे इंजिनावरचा सगळा संसार उचलून बाजूला मांडायचा.

गाडी १९९२ सालची टोयोटा सोअरर आहे. सोअरर हे नाव टोयोटाने १९८१ साली पहिल्यांदा वापरले; माझ्याकडची गाडी १९९१ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीतली, जी अमेरिकेत लेक्सस एससी या नावाने विकली गेली. तिचा आकार जपानात नव्हे, तर कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी या टोयोटाच्याच स्टुडिओत घडला, आणि तिथल्या मंडळींनी नुसत्या कागदावर रेघा ओढण्यावर न थांबता फुग्यांत प्लास्टर भरून त्यांच्या वळणांवरून हा आकार शोधला. गाडी पुसताना याची आठवण हटकून होते, कारण फडका कुठेच कोपऱ्याला अडत नाही. बॉनेटखाली चार लिटरचे आठ सिलिंडरचे, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे, ३२ व्हॉल्व्हचे इंजिन आहे. काकांनी योकोहामातली नोकरी संपवून परतताना ती सोबत आणली. ते गेल्यावर ती धरमपेठेत काकूच्या पोर्चमध्ये पत्र्याखाली अकरा वर्षे उभी होती. आजही मीटरवर ८६,००० किलोमीटरच आहेत, आणि तो आकडा पाहून लोक विचारतात की गाडी फारशी चाललीच नाही, मग तिला झाले काय? चालली नाही, हेच तिला झाले.

आज साडेनऊपर्यंत मॅनिफोल्ड सुटा झाला. कार्टनच्या पुठ्ठ्यावर इंजिनाचा ढोबळ आराखडा काढून, जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो खोचून ठेवण्याची पद्धत मी आता सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी सगळे बोल्ट एका वाटीत टाकले होते आणि जोडताना एक लांब बोल्ट आखूड जागी घालून आटे खराब केले, त्याची ही शिक्षा. इंजेक्टरचे आठ कनेक्टर काढताना तिघांच्या खिट्ट्या बोटात भुगा होऊन आल्या. प्लास्टिक बत्तीस वर्षांचे आहे, आणि इतका काळ बॉनेटखाली भाजून निघालेले प्लास्टिक शेवेसारखे तुटते. मॅनिफोल्ड वर उचलला तेव्हा खालच्या घळीत सेल्फच्या अंगावर कडुनिंबाच्या वाळक्या काड्या आणि शेंगदाण्याची टरफले भरलेली दिसली. पोर्चमधल्या अकरा वर्षांत खारीने इथे संसार थाटला असणार. ती सगळी रास चिमट्याने वेचून काढली, कारण जोराने फुंकर मारली असती तर त्यातले अर्धे उघड्या पडलेल्या इनटेकच्या भोकांत गेले असते.

रविवार, १२ मे

सेल्फ घेऊन काल संध्याकाळी एका स्टार्टर-डायनामोवाल्याकडे गेलो. नवा सेल्फ परदेशातून मागवायचा, त्यावर कस्टमची ड्यूटी भरायची आणि महिनाभर वाट पाहायची, अशी मनाची तयारी करूनच गेलो होतो. त्याने सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फवरच्या विजेच्या स्विचची, टोपी काढली, आत बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहून हसला. ‘सेल्फ चांगला हाय तुमचा, दादा. कॉन्टॅक्ट खाल्ले गेले फक्त. नवा घेऊन कायले पैसे घालवून राहिले?’

आत तांब्याचे दोन छोटे कॉन्टॅक्ट असतात. किल्ली फिरवली की एक तांब्याची चकती येऊन त्या दोघांना जोडते आणि बॅटरीचा सगळा प्रवाह त्यांच्यातून मोटरला जातो. दर वेळी ठिणगी पडते आणि दर वेळी तांबे थोडे झिजते. माझ्या सेल्फमधला एक कॉन्टॅक्ट जवळजवळ शाबूत होता आणि दुसरा एका कडेने पार खचला होता, त्यामुळे चकती येऊन टेकत होती, ‘टक्’ वाजत होते, पण तिला दोन्हीकडे नीट स्पर्श मिळत नव्हता. त्याने डब्यातून दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचे कॉन्टॅक्ट काढले, कानशीने त्यांची कड उतरवली, चकती पॉलिश पेपरवर घासून सपाट केली, आणि बाकावर बॅटरी लावून सेल्फ फिरवून दाखवला. नखाएवढ्या तांब्याच्या तुकड्यासाठी मी आठ इंजेक्टर आणि पाण्याचे चार होज सोडवून बसलो होतो. रखरखीत उन्हाळ्यात इतका स्वस्त सुटल्याचा आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

आज सकाळी जोडणी केली. मॅनिफोल्डचे जुने गॅस्केट पुन्हा बसवण्याचा मोह टाळला. तुटलेल्या खिट्ट्यांच्या जागी नवे कनेक्टर लावले, होज बदलले, कूलंट भरून हवा काढली. इथे अनेकजण रेडिएटरमध्ये साधे नळाचे पाणी घालतात. बोअरच्या जड पाण्याने ॲल्युमिनियमच्या इंजिनाच्या आत काय होते, ते ज्याने एकदा उघडून पाहिले आहे तो पुन्हा तसे करणार नाही. सव्वानऊला किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले की नाही हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागला, इतके ते शांत चालते.

रविवार, १९ मे

आज काम केले नाही, फक्त वहीत जमाखर्च लिहिला. गाडीसाठी मी दोन तक्ते ठेवतो: एक किलोमीटरचा आणि एक वर्षांचा. पहिला जवळजवळ रिकामा आहे आणि दुसरा भरून वाहतो. इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याला, टायमिंग बेल्टला, एक लाख किलोमीटरचे आयुष्य सांगितले आहे, त्या हिशेबाने तो अजून चौदा हजार चालायला हवा होता. जानेवारीत उघडून पाहिला तेव्हा त्याच्या पाठीवर बारीक भेगा होत्या. या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून पंप, पट्ट्याला वाट देणारे दोन्ही आयडलर आणि तो ताणून धरणारा टेन्शनर एकाच वेळी बदलले. क्रँकच्या पुलीचा बोल्ट २४५ न्यूटन मीटरला आवळायचा असतो. तो सोडवताना पान्याला चार फुटांचा पाइप लावून मी आणि मुलगा दोघे लोंबकळलो होतो, आणि शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणापलीकडून तो देखावा फार गंभीरपणे बघत होते.

टायरवर नक्षी जवळजवळ नवी होती, पण कडेवर २३०९ असा आकडा होता, म्हणजे २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. ते बदलले. ब्रेकचे ऑइल हवेतली ओल पीत राहते, गाडी चालो वा न चालो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलतो. सगळ्यात जास्त काळजी इंजिनाच्या संगणकाची होती. त्यातल्या कपॅसिटरमधले द्रव वर्षांनुवर्षे झिरपते आणि सर्किटवरचे तांबे खाते. मी पेटी उघडली तेव्हा कुजलेल्या मासळीसारखा वास आला आणि एका कपॅसिटरच्या पायाशी हिरवट डाग होता. सीताबर्डीवरून नवे आणले, तेही ८५ अंश सोसणारे नव्हे तर १०५ अंश सोसणारे, कारण तापमान दहा अंशांनी कमी असले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि नागपुरात दहा अंश कमी मिळण्याची आशा डिसेंबरातच करावी.

कागदपत्रांचाही एक खर्च आहेच. पंधरा वर्षांपुढच्या आयात केलेल्या चारचाकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला २०२४ मध्ये ४०,००० रुपये शुल्क लागत होते, १ एप्रिल २०२२ पासूनच्या दराने. तेवढ्या पैशांत माझ्या मेहुण्याच्या मते एक चांगली जुनी स्कूटर आली असती. मेहुण्यांना स्कूटर आवडतात.

शुक्रवार, ३१ मे

काल दुपारी जे झाले ते रात्री लिहिण्याची मनःस्थिती नव्हती. पहाटेच गाडी काढायची हा माझाच नियम मोडून दुपारी तीनला वर्धा रोडने निघालो होतो. चिंचभवनच्या जरा अलीकडे तापमानदर्शक नेहमीच्या जागेवरून सरळ वरच्या टोकाला गेला. ॲल्युमिनियमचे इंजिन एकदा भाजले की सिलिंडरांवरचे हेड वाकते आणि मग सगळे संपते, हे डोक्यात इतके पक्के होते की मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि जुन्या ड्रायव्हरांच्या शिकवणीप्रमाणे हीटर पूर्ण चालू केला, म्हणजे इंजिनाची उष्णता थोडी तरी आत ओढली जावी. नवतपातल्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतल्या, दुपारी गाडी बंद करेपर्यंतचे ते दोन मिनिटांचे अंतर मी हीटर लावून कापले. गाडी बाभळीच्या सावलीला घेतली. रसवंतीवाला जग घेऊन धावत आला आणि म्हणाला, ‘पाणी टाकू का, भाऊ?’ त्याला जवळजवळ ओरडून थांबवले, आणि मग ओरडलो म्हणून दोन ग्लास रस प्यालो.

रस पिताना लक्षात आले की काहीतरी जुळत नाही. वाफ नव्हती, कूलंटचा गोडसर वास नव्हता, टाकीत खदखद नव्हती. वरचा होज गरम होता, पण दाबला तर दबत होता. अर्ध्या तासाने फक्त इग्निशन चालू केले, इंजिन नाही, आणि दर्शक क्षणात पुन्हा टोकाला जाऊन बसला. इंजिन बंद असताना पाणी एका क्षणात तापत नाही. इतक्या वेगाने फक्त वीज जाते. तरीही घरापर्यंत दर पाच किलोमीटरला थांबत आलो, कारण समजणे आणि विश्वास बसणे यांत बरेच अंतर असते.

घरी आलो तर मुलाने बातमी वाचून दाखवली की काल रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले. मी त्याला म्हटले, आधी त्यांची वायर तपास म्हणावे.

रविवार, २ जून

नवतपाचा शेवटचा दिवस. केंद्राच्या त्या ५६ अंशांचा दोष संवेदकाचा निघाला, आणि माझ्या दर्शकाचाही जवळजवळ तसाच. आधी थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेच्या, घरावर इन्फ्रारेड तापमापक धरला: इंजिन अर्धा तास चालू ठेवूनही ८९ अंशांच्या वर गेला नाही. ८२ अंशांना उघडणाऱ्या थर्मोस्टॅटसाठी हे अगदी योग्य आहे. दर्शकाकडे जाणाऱ्या संवेदकाला एकच वायर असते. पाणी तापते तसा त्याचा रोध कमी होत जातो, त्यामुळे ती वायर कुठे धातूला टेकली तर दर्शकाला वाटते की पाणी उकळते आहे. संगणकाचा संवेदक वेगळा असतो, म्हणून इंजिन मात्र बिनतक्रार चालत राहिले.

वायर हाताने चाचपत मागे गेलो आणि मॅनिफोल्डच्या बाजूच्या पट्टीखाली ती चिमटलेली सापडली. ही पट्टी १२ मे रोजी मीच आवळली होती. कडक झालेले आवरण पंधरा-वीस दिवस थरथरत घासले गेले आणि गुरुवारी उन्हात फाटून तांबे पट्टीला टेकले. खारीवर, उन्हावर, बत्तीस वर्षांवर सगळे ढकलता आले असते, पण आवळणारा हात माझाच होता. खराब तुकडा कापला, नवीन वायर सोल्डर केली, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, आणि पट्टीखाली आता वायर जात नाही याची टॉर्चच्या उजेडात दोनदा खात्री केली. वहीत ‘दुरुस्तीचे कारण’ या रकान्यात ‘मालक’ असे लिहिले.

संध्याकाळी सहानंतर काकूकडे गेलो. तिचा पोर्च इतका अरुंद आहे की दुसऱ्या कोणत्या दोन दारांच्या कूपेचे लांब दार तिथे उघडलेच नसते, पण या गाडीच्या बिजागऱ्या दाराला आधी जरा पुढे नेऊन मग बाहेर सोडतात, आणि काकूला तेवढी जागा पुरते. ती बसली, पट्टा लावला आणि काका शेजारी बसवायचे तेव्हाच्या सवयीने तिची नजर आधी तापमानदर्शकावर गेली. अंबाझरीच्या चौकापर्यंत ती काही बोलली नाही.

‘अर्ध्याच्या खालीच आहे रे,’ ती म्हणाली. ‘चल, तलावापर्यंत जाऊन येऊ.’