तिकीट संपतं तिथनं पुढं चालत

शुक्रवार रात्र, कार्ल्सरूह, जर्मनी

इथं शिकायला आलं की पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांचा एकच विषय, किती देश झाले. ग्रुपवर रोज कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, बार्सिलोना 20 युरो, बुडापेस्ट 25, चला पटापट बुक करा, आणि मग शनिवार रविवार कुठं गेला ते कळत नाही. मला हे गणित काही पटत नाही. विमानाचं तिकीट स्वस्त असतं पण विमानतळ कुठाय ते बघायला नको का, नावात फ्रँकफर्ट असलेलं हान विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे, म्हणजे बसचे पैसे वेगळे, बॅगेचे वेगळे, झोपेचं खोबरं ते वेगळंच. ब्लॉक्ड अकाउंटमधनं, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातनं, महिन्याला 992 युरो सुटतात, त्यातनं भाडं, इन्शुरन्स, किराणा गेला की उरतं ते जपूनच वापरावं लागतं.

म्हणून माझं प्लॅनिंग डॉइशलांड टिकीटवरनं, म्हणजे लोकल गाड्यांच्या महिन्याच्या पासवरनं, सुरू होतं. 2023 च्या मे मध्ये ते 49 युरोला आलं, आता 63 झालंय, तरी मला वाटतं विद्यार्थ्याच्या हातात याच्यापेक्षा चांगली गोष्ट नाही. आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही, पण आरई, आरबी, एस-बान या लोकल गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं, देशभर. मी नकाशा उघडते आणि हे तिकीट कुठं संपतं ते बघते. एका बाजूला फ्रान्सच्या सीमेवरचं केल, खाली बाझलचं जर्मन स्टेशन, आणि गंमत म्हणजे फ्रान्समधल्या विसेम्बुर्ग आणि ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला तर ते सीमेपलीकडच्या स्टेशनपर्यंत नेऊन सोडतं. माझ्या सगळ्यात आवडत्या ट्रिपा याच टोकांवरनं झाल्यात.

उद्या परत केल. आपेनवायरला गाडी बदलायची, केलला उतरायचं, आणि ऱ्हाइनवरच्या पादचारी पुलावरनं चालत फ्रान्समध्ये. 2017 पासून केलहून पलीकडच्या स्ट्रासबुर्गची ट्रामपण आहे, पण मी जाताना चालतच जाते. पुलाच्या मधोमध थांबलं की खाली मालवाहू बार्ज जाताना दिसतात, एका काठावर जर्मनी, दुसऱ्या काठावर फ्रान्स, आणि सायकलवरची पोरं शाळेत चालल्यासारखी इकडनं तिकडं. हेच स्ट्रासबुर्ग 1871 ला जर्मनीकडं गेलं, 1918 नंतर फ्रान्सकडं, 1940 ला परत जर्मनीच्या, म्हणजे नाझींच्या ताब्यात, 1944 ला सुटलं. एखाद्या आज्जीनं सत्तर पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात घर न बदलता चार वेळा देश बदललेला असणार. मी निपाणीची, सीमा म्हणजे काय ते घरात ऐकत वाढलेय, पाटी कोणत्या भाषेत लावायची यावरनं काय काय होतं ते बघितलंय. त्यामुळं स्ट्रासबुर्गच्या जुन्या गल्ल्यांत रस्त्याच्या नावाच्या पाटीवर वर फ्रेंच आणि खाली अल्सेशियन ही तिथली बोली बघितली की मला भरून येतं, खरंच. विमानानं वरनं उडून गेले असते तर हे दिसलंच नसतं!

कॅथेड्रल मात्र कितीही वेळा बघा. व्होज डोंगरातला गुलाबी तांबूस दगड, 142 मीटर उंच एकच मनोरा, दोनशेपेक्षा जास्त वर्षं ही जगातली सगळ्यात उंच इमारत होती. आतल्या खगोलीय घड्याळात दुपारी साडेबाराला बारा प्रेषित येशूसमोरनं एकेक करत सरकतात आणि वरचा कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. उद्या ते गाठायचंय म्हणून सकाळची लवकरची गाडी, आणि लवकरची अशासाठी पण की कनेक्शन चुकलं तर मागची गाडी हाताशी पाहिजे. परतीच्या शेवटच्या दोन गाड्या मी आधीच लिहून ठेवते, शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहायचं नाही हा माझा नियमच आहे.

डबा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही सोबत, फोटो चालत नाहीत. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनी सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी करतंय, परत येताना विचारू शकतात. जर्मनीच्या परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, वीकेंडवाल्यांना ते भरपूर झालं. आयर्लंड आणि यूके मात्र शेंगेनमध्ये नाहीत, नव्यानं आलेल्या ज्युनिअर्सना हे मी आवर्जून सांगते. आणि हेही सांगते की 26 च्या आत असाल तर रेसिडन्स कार्ड दाखवून पॅरिसचं लूव्र फुकट बघता येतं, आपला पासपोर्ट भारतीय असला तरी, कारण तिथं तुम्ही राहता कुठं ते बघतात. वय निघून जायच्या आत जाऊन या रे बाबांनो.

परीक्षा संपल्या की रूममेटबरोबर लक्झेंबर्गच्या सीमेजवळचं ट्रिअर ठरलंय. कार्ल्सरूहहून लोकल गाड्यांनी जवळजवळ अर्धा दिवस जातो, म्हणून एक रात्र हॉस्टेल, संध्याकाळी पोर्टा नीग्रा ही रोमन काळातली वेस, आणि सकाळी उठून लक्झेंबर्ग. तिथं 2020 पासून बस, ट्राम, ट्रेनचा सेकंड क्लास सगळ्यांना फुकट आहे, म्हणजे सीमेपर्यंत आमचं तिकीट आणि पुढं त्यांचा पाहुणचार. तिचं म्हणणं बेल्जियमपण जोडून घेऊ, मी नाही म्हटलंय, एका वीकेंडला एकच. हॉस्टेलचे भाव रविवारी बघून बुक करणार.